गुरुवारची टोपली

नागपूरच्या नंदनवन भागात एक दुकान होतं. तिथं खिशात पैसे घेऊन गेलं तरी ससा मिळेलच याची खात्री नव्हती. दुकान अजून आहे आणि खात्री अजूनही नाही, पण ते शेवटी सांगते.

त्या दुकानात मी कामाला लागले तेव्हा मला प्राण्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, ताई, तुम्हाला लहानपणापासूनच आवड असेल ना! कसली आवड, बाप्पा! मला काम पाहिजे होतं. नवऱ्याचं घर सोडून मी आईकडे परत आले होते, आणि आईचं घर म्हणजे आता भावाचं घर. वहिनी वाईट नव्हती. पण सकाळी चहाचा कप हातात देताना ती जरा जास्तच गोड बोलायची, आणि त्या गोड बोलण्यानं चहा घशाखाली उतरत नसे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात माणूस पाहिजे म्हणून कळलं, तशी मी त्याच दुपारी जाऊन उभी राहिले.

मालक स्टुलावर बसले होते. सत्तरीचे, काटकुळे, डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला आणि सदरा घामानं पाठीला चिकटलेला. दुकानात कूलर होता, चांगला मोठा, खस लावलेला, पण त्याचं तोंड पिंजऱ्यांकडे होतं आणि पाठ मालकाकडे. मी म्हटलं, कूलर जरा इकडे वळवून देऊ का? तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"उंदराले भेते का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. साफ खोटं.

"जोरात बोलते का?"

"लोक म्हणतात तसं."

"मंग पंधरा दिवस हळू बोलाचं. नवीन आले आहेत."

मी वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या एका पिंजऱ्यावर सुती कापड टाकलेलं होतं आणि कापडाच्या फटीतून सहा गिनीपिग माझ्याकडे बघत होते. नोकरी मिळाली की नाही हेही मी कुजबुजतच विचारलं. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणू लागले.

हे पंधरा दिवसांचं प्रकरण म्हणजे काकाजींचा कायदा होता. दुकानात आलेला कोणताही जीव पंधरा दिवस विकायचा नाही, हाताळायचा नाही, त्याच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही. रेडिओ बंद. शटर हळू वर करायचं. पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं आहे. पण गल्लीला सवय झाली होती. भाजीवाला आमच्या दुकानापुढे आला की हातगाडी थांबवून हळूच म्हणायचा, "मेथीऽ, कोथिंबीऽर," आणि दहा पावलं पुढं गेला की पुन्हा त्याचा गळा फाटायचा. मला हसू आवरायचं नाही.

सकाळी पाण्याची प्रत्येक बाटली बोटानं टिचकी मारून तपासल्याशिवाय ते चहा घ्यायचे नाहीत. चाळीस बाटल्या. चहावाला कप ठेवून जायचा, त्यावर साय धरायची, मग ती साय काढून काकाजी थंडगार चहा प्यायचे आणि "आज चहा चांगला होता" म्हणायचे. एकदा मी एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "सशाचे दोन पीस शिल्लक आहेत." काकाजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाले, "पीस ब्लाऊजचा असते."

पण खरा घोळ विक्रीचा होता. आमच्याकडे ससे, गिनीपिग, लव्ह बर्ड, पांढरे उंदीर असायचे. देशी पोपट आणि मुनिया नाहीत. एक साहेब वास्तुशांतीसाठी पाठीवर तारे असलेलं कासव मागायला आले होते. "ते कायद्यानं बंद आहे," काकाजी म्हणाले, "अन् कायदा नसता तरी माझ्याकडून बंद राहिलं असतं. घरात शांती पाहिजे तर टीव्ही कमी पाहा गा." साहेब जे गेले ते गेलेच. बाकीचे जे कायद्यानं चालायचे, तेही काकाजी देतील तर शपथ. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, चार प्रश्न विचारायचं. काकाजी शांतपणे उत्तरं द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "नाही देत." कारण सांगायचे नाहीत. ज्याला द्यायचं त्यालाही हातात द्यायचे नाहीत. "उद्या घरी आणून देतो" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी झाकणाच्या वेताच्या टोपलीत घालून स्वतः जायचे, पिंजरा कुठं ठेवणार ते बघायचे, ऊन कुठून येतं ते बघायचे.

कुणाला देतात आणि कुणाला नाही, याचा हिशेब मला दोन वर्षं लागला नाही. गल्लीत मतं पुष्कळ होती. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा, चपला बाहेर काढणाऱ्याला देतात. वहिनी म्हणायची, रास बघत असतील. मी स्वतः बरंच लक्ष ठेवून पाहिलं. एकदा एक इंजिनिअर आला, बायको बरोबर, दोघं शालीन, चपला बाहेर, घरी मोठी गच्ची. त्याला नाही. त्याच आठवड्यात एक ऑटोवाला आला, खाकी शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, सशापुढे उकिडवा बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि दुसऱ्या दिवशी ससा टोपलीत बसून त्याच्या घरी गेला. मी डोक्याला हात लावला. चौकात एसीचं नवं दुकान उघडलं होतं, तिथं काचेमागे रांगेनं जनावरं, मागाल ते दहा मिनिटांत रंगीत डब्यात भरून देत होते. गिऱ्हाईक आमच्यासमोरून तिकडं जायचं. आमच्याकडे विकलं जायचं ते दाणे आणि भुसा. हे दुकान बंद पडलं तर मी पुन्हा वहिनीच्या चहापाशी, एवढं एकच मला दिसत होतं, आणि म्हातारा मात्र थंड चहा पिऊन खूश.

चुका त्यांच्याकडूनही व्हायच्या, आणि झाल्या की त्यांच्यासारखा मजेदार माणूस नाही. गिनीपिगमधला नर कोणता, मादी कोणती, हे त्यांना मरेपर्यंत कळणार नव्हतं. एका बँकेतल्या बाबूंना त्यांनी दोन दिले, "भाऊ भाऊ आहेत, भांडण नाही करत" असं छातीठोक सांगून. दोन महिन्यांनी बाबूंचा फोन. "काकाजी, तुमचे भाऊ बाळंत झाले." काकाजी रिसीव्हर धरून बसले, मग मला म्हणाले, "मेथी आण वं पोरी, दोन जुड्या." मेथी घेऊन ते बाबूंच्या घरी बाळंतिणीला बघायला गेले. पिल्लं दूध तोडेपर्यंत रोज संध्याकाळी जात होते. बाबूंच्या आईंना शेवटी तेच आवडू लागले, जनावरांचं राहूच द्या.

दर गुरुवारी दुकान माझ्यावर टाकून ते पहाटेच निघून जायचे. जाताना रिकामी टोपली, येताना कधी भरलेली, वर ओलं कापड. कुठं जातात? गल्लीत यावरही मतं होती. गुरुवार म्हटल्यावर कुणी म्हणे बाबाच्या मठात जातात. झेरॉक्सवाल्यानं तर डोळा मिचकावून सांगितलं, "काकाजींचं बाहेर काहीतरी आहे." मी खूप हसले. आणि विचारलं का? नाही. टोपलीतनं गिनीपिग निघायचे, मी पिंजऱ्यात ठेवायचे, वर कापड टाकायचे, पंधरा दिवस कुजबुजायचे. कुठून आले याच्याशी मला काय करायचं होतं! पगार वेळेवर मिळत होता.

मग त्या वर्षी नवतपाच्या, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी काकाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. काटोलहून त्यांची मुलगी आली. वाकायचं नाही, धूळ नाही, आठ दिवस काळा चष्मा, घराबाहेर पाय नाही. जाताना त्यांनी मला किल्ल्या दिल्या आणि एवढंच म्हणाले, "बाटल्या पाहात जाय."

तिसऱ्या दिवशी मोठ्या गाडीतून एक मॅडम उतरल्या. मुलाचा वाढदिवस होता, रविवारी. तीस मुलं येणार. रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येकाला एक हॅमस्टर, छोट्या रंगीत पिंजऱ्यात. "चौकातल्या दुकानात एवढे नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागवून द्याल का?"

तीस! दोन वर्षांत मी तीस काय, दहा जीवही धड विकलेले पाहिले नव्हते. मला वाटलं, हे करून दाखवलं तर दुकान तरेल. म्हातारा परत येईल आणि बघेल की पोरीनं दुकान उभं केलं. कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं एका ठोक व्यापाऱ्याचा नंबर लिहिलेला होता, बाहेरगावचा. त्यावर आडवी रेघ मारलेली होती. ती रेघ मला दिसली नाही असं मी म्हणणार नाही. दिसली. तरी मी नंबर फिरवला.

"किती नग?" पलीकडून आवाज आला. "तीस? उद्या रात्री ट्रॅव्हल्सवर टाकतो, परवा सकाळी घेऊन जा."

सकाळी आठची गाडी साडेबाराला आली. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. क्लीनरनं डिक्की उघडली, बॅगा बाजूला सारल्या आणि तळाचं एक खोकं माझ्या हातात दिलं. खोक्यावर मार्करनं लिहिलं होतं, 'खेळणी'. बाजूला पेन्सिल जाईल एवढी चार भोकं. मी ऑटोत बसले आणि खोकं मांडीवर घेतलं. ते गरम होतं, आणि आतून काहीच आवाज येत नव्हता. बाप्पा रे!

दुकानात येऊन झाकण उघडलं. आठ मेले होते. बाकीचे एकमेकांवर पडलेले, डोळे अर्धे मिटलेले, पोटं धपापत होती. पाण्याची बाटली नाही, काकडीची चकती नाही, काही नाही. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. मग काकाजींना फोन केला. कारण दुसरं कुणाला करणार?

वीस मिनिटांत ऑटो थांबला. काळा चष्मा, डोळ्यावर पट्टी, मागून मुलगी ओरडत, "बाबा, डॉक्टरनं काय सांगितलं होतं!" काकाजी सरळ आत आले.

"किती?"

"तीस. आठ गेले."

"बाकी बावीस सांग. गेले त्याइचं मंग पाहू."

मी बर्फ आणायला धावले तर त्यांनी हात धरला. "बर्फ नाही वं! एकदम थंड केलं तर मरते. साधं पाणी. फडकं ओलं कर, पिळ, त्याच्यावर ठेव. कूलरची हवा सरळ नको. ड्रॉपर कुठं आहे?" त्यांना दिसत नव्हतं. ते बोटांनी चाचपून एकेक जीव उचलायचे, माझ्या तळहातावर ठेवायचे, आणि मी ड्रॉपरनं ओठाशी थेंब लावायचे. थेंब ओघळून जायचा. पुन्हा थेंब. मुलीनंही ओरडणं बंद केलं, पदर खोचला आणि काकडी चिरायला बसली. दोन तास आम्ही तिघं कुजबुजतसुद्धा नव्हतो.

आणखी एक मेला. मग एका पिवळट पोराची जीभ बाहेर आली आणि तिनं थेंब चाटला. मला एवढा आनंद झाला की माझ्या तोंडातून कायच्या काय निघालं. मी विचारलं, "काकाजी, आपले कुठून येतात हो?"

"कोणते आपले?"

"गुरुवारचे. टोपलीतले."

त्यांचा हात थांबला. "तुले किती दिवस झाले इथं येऊन?"

"दोन वर्षं."

"मी वाट पाहून राहिलो होतो," ते म्हणाले.

मला काही कळेना. ते म्हणाले, "त्या इंजिनिअरनं काय काय विचारलं होतं, आठव." मी आठवलं. कितीला, चावतं का, वास येतो का, किती वर्षं जगतं. "अन् ऑटोवाल्यानं?" मी आठवत राहिले. ऑटोवाला सशापुढे उकिडवा बसला होता आणि म्हणाला होता, कोठून आणलं हो याले? मला वाटलं होतं, टाइमपास करतोय.

"ज्याले कुठून आला हे विचाराचं सुचते," काकाजी म्हणाले, "त्याले बाटलीतलं पाणी संपलं हे बी दिसते. बाकीच्याइले खेळणं पाह्यजे असते. तुले काहून नाही सांगितलं म्हणशील, तर सांगून विचारलं त्याचा काय उपेग?"

मी मान खाली घातली. मला माझी एवढी लाज वाटली, एवढी कधी नवऱ्याच्या घरून निघतानाही वाटली नव्हती. मी म्हटलं, "मी लय मोठी चूक केली काकाजी. मले माफ करू नका."

त्यांनी फडकं पिळून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "तो नंबर मीच लिहिला होता न? वीस वर्षं त्याच्याचकडून मागवत होतो मी. असेच खोके. वरचे दोन-चार मेले की झाडूनं बाजूला साराचे अन् बाकी मांडाचे. एकदा लग्नाले त्याच्या शहरात गेलो, म्हटलं जाऊन पाहावं. एक खोली. छतापर्यंत फळ्या, फळ्याइवर डबे, डब्यात हे. हवा नाही. एक माणूस माझ्याशी भाव करून राहिला होता अन् बोलता बोलता मेलेले बादलीत टाकून राहिला होता. बादली भरत आली होती. घरी येऊन चार दिवस शटर नाही उघडलं मी." त्यांनी चष्मा सारखा केला. "तुले विचाराले दोन वर्षं लागले. मले वीस लागले. तू माह्यापेक्षा हुशार आहेस."

संध्याकाळी मॅडम आल्या. मुलगा बरोबर नव्हता, ड्रायव्हर होता, रिकामे रंगीत पिंजरे घेऊन. मी काकाजींकडे बघितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "तू मागवले, तू सांग."

मी सगळं सांगितलं. खोकं दाखवलं, 'खेळणी' लिहिलेलं. नऊ मेले ते सांगितलं, आणि उरलेले एकवीस पंधरा दिवस कुणालाच मिळणार नाहीत तेही. मॅडमचा चेहरा लाल झाला. "उद्या वाढदिवस आहे! मी मुलांना काय देऊ आता?" त्या पुष्कळ बोलल्या. त्यांचं चुकत नव्हतं, शब्द मीच दिला होता. मी ऐकून घेतलं आणि तरी दिले नाहीत. जाताना त्यांनी मोबाईलवर आमच्या दुकानाला एकच तारा दिला. झेरॉक्सवाल्यानं ते वाचून दाखवलं तर काकाजी म्हणाले, "देला न एक? नाही देला असं तं नाही."

नऊ जीव आम्ही मागच्या अंगणात, कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले. खड्डा मी खणला. काकाजींना वाकायचं नव्हतं, ते नुसते उभे राहिले.

मग मी किल्ल्या काढून काउंटरवर ठेवल्या. उद्यापासून येऊ नको म्हणतील, हे मी दुपारपासून मनात घोळवत होते. वहिनीला काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. काकाजींनी किल्ल्या चाचपल्या, माझ्याकडे परत सरकवल्या. "डोळ्याची पट्टी निघाली की पुढच्या गुरुवारी सहा वाजता बसस्टँडवर ये. दुपट्टा आण."

"काहून?"

"टोपली कोण धरन? मले धक्का नाही लागाले पाह्यजे म्हणते डॉक्टर."

अशी मी कुहीला गेले. एस्टीत कंडक्टरनं टोपलीकडे बघून विचारलं, "आज रिकामी आहे का भरलेली?" म्हणजे कंडक्टरला माहीत होतं आणि मला नाही! गावाच्या कडेला धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, संपते तिथं एका मावशींचं घर होतं. आंब्याखाली बांबूच्या तट्ट्यांची सावली, तट्ट्यांना ओली पोती, खाली मातीचे आडोसे, हिरवं गवत आणि गिनीपिगांचं खानदानच्या खानदान. मावशी प्रत्येकीला ओळखत होत्या. कोणती भित्री, कोणती खादाड, कोणती पोटुशी. "ही पहिलटकरीण आहे, हिच्याकडे नको पाहू, लाजते," असं मला म्हणाल्या. नर-मादी त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं, आणि काकाजींच्या 'भाऊ-भाऊ'ची गोष्ट त्या पदराआड तोंड धरून सांगत होत्या. पंधरा दिवसांचा कायदाही मूळचा त्यांचाच निघाला. गाय घरी आणली तर तिलाही पंधरा दिवस कुणाला हात लावू देत नाही आमच्यात, त्या म्हणाल्या.

काकाजींनी टोपली पुढं केली. "चार पाह्यजे होते."

"नाही देत," मावशी म्हणाल्या. "पोरं लहान आहेत. आईले धरून आहेत आजून."

"मंग दोन?"

"नाही म्हटलं न भाऊ. पुढच्या गुरुवारी पाहू."

आणि ज्या माणसानं अख्ख्या नागपूरला नाही म्हटलं तो गुमान टोपली बंद करून उठला. आम्ही ताक प्यायलो, रिकामी टोपली घेऊन परत निघालो. मी बसमध्ये हसून हसून बेजार. काकाजी खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांचं तोंड असं फुललेलं होतं, जणू चार नाही, चाळीस मिळाले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे दुकान बंद पडलं तर मला वाईट वाटेल. माझ्यासाठी नाही, दुकानासाठी.

दुकान बंद पडलं नाही. ते एकवीस त्या पावसाळ्यात एकेक करून गेले, सगळे विचारणाऱ्यांच्या घरी. वेळ लागला, पण गेले. आणि विचारणारा माणूस दुसऱ्या विचारणाऱ्याला घेऊन येतो हे मला हळूहळू कळत गेलं. बँकेतल्या बाबूंच्या आईंनीच सात-आठ घरं जोडून दिली. आम्ही श्रीमंत झालो नाही, पण कूलर दोन झाले. दोघांचीही तोंडं पिंजऱ्यांकडे.

दोन वर्षांपूर्वी काकाजी काटोलला मुलीकडे राहायला गेले. जाताना समारंभ वगैरे काही नाही. टोपली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "कंडक्टरले माहीत आहे." दुकान माझ्या हाती आलं ते असं. आता मी माझ्या दोन खोल्यांत राहते आणि सकाळचा चहा स्वतः करून पिते, बहुतेक वेळा थंड. वहिनी अधूनमधून दाणे न्यायला येते, कारण भाच्याकडे आता दोन लव्ह बर्ड आहेत. दिले मी. त्यानं विचारलं होतं.

मागच्या महिन्यात काटोलहून फोन आला. "नातीले एक गिनीपिग पाह्यजे. आणून देते का?"

"आणते. घर पाहीन आधी," मी म्हटलं.

"पाहाय न. कोण नाही म्हणते?"

शनिवारी मी टोपली घेऊन गेले. संत्र्याच्या बागेला लागून मुलीचं घर, ओसरी प्रशस्त, सावली चांगली. काकाजी खुर्चीत बसलेले, जरा वाळलेले, पण डोळे लखलखीत. नात शाळेत गेली होती. मी पिंजऱ्याची जागा पाहिली, ऊन पाहिलं, मांजर आहे का विचारलं. सगळं पसंत पडलं. मग टोपलीचं झाकण उघडलं. तांबूस रंगाचं पिल्लू, कान अजून पातळ.

काकाजींनी वाकून पाहिलं. "कितीले देला?"

मी सांगितलं.

"चावते का?"

"नाही."

"वास येते का? किती वर्षं जगते?"

मी उत्तरं दिली. आणि थांबले. ते पुन्हा पिल्लाकडे बघत बसले. "छान आहे," म्हणाले. "ठेव इकडे."

मी बघत राहिले. वय झालं, विसरले असतील. आठवण करून द्यावी का? पण सांगून विचारलं त्याचा काय उपयोग, हे याच माणसानं मला शिकवलं होतं. ज्यांनी मला दुकान दिलं, पाय रोवायला जागा दिली, त्यांना एक साधं पिल्लू देऊ नको? मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. मी झाकण लावलं. "नाही देत काकाजी," मी म्हटलं. टोपली उचलली, चपला घातल्या, फाटक उघडलं आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागले. डोळ्यात पाणी येत होतं आणि टोपली हलू नये म्हणून मला ते पुसताही येत नव्हतं.

चिंचेच्या झाडापर्यंत गेले असेन, मागून आरोळी आली. इतकी वर्षं ज्यांनी मला कुजबुजायला लावलं, त्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"थांब वं पोरी! कुठून आणला तो?"

मी वळले. काकाजी फाटक धरून उभे होते आणि हसत होते, हसता हसता त्यांना ठसका लागत होता.

"कुहीहून!" मी ओरडले. "मावशीनं देला! आईचं दूध सुटल्यावर!"

"आण मंग वापस," ते म्हणाले. मी जवळ गेले तशी त्यांनी टोपली माझ्या हातून घेतली, ओल्या कापडावरून हात फिरवला आणि हळूच, पूर्वीसारखं कुजबुजत म्हणाले, "आता मी न विचारताच देला असता न, तं टोपली मी वापस ठेवून घेणार होतो."